कुलूप कोणत्या बाजूने?

मस्कतमध्ये दिवाळी येते ती हवा नुकती कुठे सोसवू लागलेली असताना. घरोघरचे एसी रात्री बंद व्हायला लागतात, कॉर्निशवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत ओळखीचे चेहरे वाढतात आणि मत्रहच्या बंदरात इमारतीएवढी प्रवासी जहाजे लागू लागतात. महाराष्ट्रात हिवाळा म्हणजे हुरडा, तिळगूळ आणि माळ्यावरून काढलेली गोधडी. मत्रहच्या बाजारात हिवाळा म्हणजे सुगी. ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत जे विकले जाईल त्यावर पुढचा कडक उन्हाळा काढायचा असतो. सुलतान काबूस बंदरातली मालवाहतूक २०१४ मध्ये सोहारला हलवली आणि हे बंदर पर्यटनाकडे वळवले, तेव्हापासून तर हे गणित आणखीच पक्के झाले आहे. म्हणून दुकानदार दिवाळीच्या आधीच माल भरून ठेवतात. लोबान, चांदी, शाली, अत्तरे, खंजिराच्या प्रतिकृती. पोटमाळे छताला टेकतात.

म्हणजे दुकान जेव्हा सर्वांत भरलेले असते, तेव्हाच दिवस सर्वांत लहान असतो, आणि मत्रहला पाऊस पडायचा तोही बहुधा याच दिवसांत पडतो. अशा वेळी दुकान, गोदाम, कचेरी राखायची कशी, याबद्दल माझे काही म्हणणे आहे. मी व्यापारी नाही. आयुष्यभर भूगोल शिकवला, निवृत्त झालो, आणि मुलाकडे इथे राहायला आलो त्याला बरेच हिवाळे झाले. पण जागेची राखण हा प्रश्न निम्मा भूगोलाचाच आहे. उरलेला निम्मा माणसांचा, आणि माझे खरे मत त्या दुसऱ्या निम्म्याबद्दल आहे.

आपल्या मंडळातले बहुतेक जण दुकानदार नाहीत, हे मला ठाऊक आहे. आपण इंजिनीअर, डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस, व्यवस्थापक. पण कोणाचे क्लिनिक आहे, कोणाचे गोदाम कोणाच्या देखरेखीखाली आहे, कोणाच्या बायकोने पोळीभाजीचे छोटे केंद्र सुरू केले आहे. संध्याकाळी शेवटचा दिवा बंद करणारा आणि किल्ली खिशात टाकणारा माणूस कोण, हे ठरवण्याचा अधिकार आपल्यापैकी अनेकांकडे आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी भूगोल. आपल्याकडे वाडी म्हणजे वस्ती. इथली वादी म्हणजे कोरड्या नदीचे पात्र. मत्रहमध्ये हे दोन शब्द एकमेकांत मिसळले आहेत, कारण बाजारच पाण्याच्या वाटेवर बसला आहे. गावाच्या पाठीशी जे काळपट, उघडेबोडके डोंगर आहेत, तो खडक एकेकाळी समुद्राच्या तळाखाली होता. जगभरचे भूशास्त्रज्ञ तो पाहायला ओमानला येतात. पाहायला उत्तम, पण त्यावर माती नाही, गवत नाही, मुरायला जागा नाही. पडलेला थेंब थांबत नाही. उतारावरून खाली येतो, दोनचार वळणांत त्याचा लोंढा होतो आणि त्याला समुद्राकडे जायची जी वाट सापडते तिच्यावर सूक आहे. सूकमधली जुनी दुकाने रस्त्यापेक्षा पायरी-दोन पायऱ्या उंच आहेत, ती शोभेसाठी नव्हेत. आपल्या कोकणात घराचे जोते जसे पूर पाहून बांधतात, तसेच हे.

मस्कतचा वर्षभराचा सरासरी पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो, त्यामुळे आपला माणूस इथल्या पावसाला हसतो. हसू नये. इथला पाऊस वर्षातून मोजके दिवस येतो आणि आला की काही तासांत महिन्यांचा हिशेब चुकता करतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकणारे कमी दाबाचे पट्टे तो घेऊन येतात. हेच पुढे इराण, पाकिस्तान ओलांडून काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पाडतात. भारतात हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. म्हणजे गुलमर्गला बर्फ पडल्याची बातमी तुम्ही टीव्हीवर पाहता, त्याच्या एकदोन दिवस आधी त्याच वाऱ्यांनी कधी कधी आपल्या डोक्यावरून फेरी मारलेली असते.

गोनू वादळ जून २००७ मध्ये आले, शाहीन ऑक्टोबर २०२१ मध्ये. ही नावे सगळ्यांच्या तोंडी आहेत. वादळाला नाव असते, तारीख असते, पुढे वर्षानुवर्षे गप्पा असतात. हिवाळी पावसाला बहुधा नाव नसते, आणि बिननावाची आपत्ती माणूस लवकर विसरतो. २०२२ चे नवे वर्ष उजाडले तेच पावसात, आणि पहिल्याच आठवड्यात सूकच्या गल्लीतून पाणी वाहतानाची चित्रफीत आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवली होती. पुढच्या हिवाळ्यात किती जणांनी दारापुढे लावायच्या फळ्या तपासल्या, हा प्रश्न मी ओळखीच्या चौघांना विचारला. चौघांनीही चहा मागवला.

याउलट चिपळूण पाहा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा नुकसान अपरंपार झाले, पण चिपळूणच्या व्यापाऱ्याला पाणी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाऊस धरला की कोणता माल आधी वर न्यायचा, हिशेबाच्या वह्या कुठे ठेवायच्या, विजेचे मुख्य बटण कोणी बंद करायचे, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. दरवर्षी चार महिने त्याची उजळणी होते. मत्रहच्या दुकानदाराची उजळणी होत नाही, कारण दोन पावसांच्या मध्ये कधी वर्ष जाते, कधी दोन. नोकर बदलतात. जुन्या माणसाला फळ्या कोणत्या खोबणीत बसतात ते माहीत असते, तो गावी परत जातो आणि त्याच्याबरोबर ती माहितीही जाते.

चोराचे म्हणाल, तर त्या बाबतीत ओमान हा तुलनेने निर्धास्त देश आहे. नमाजाच्या वेळी दुकानावर नुसते कापड ओढून जाणारे दुकानदार मी पाहिले आहेत, आणि मुंबईहून आलेला पाहुणा ते पाहून कसा थक्क होतो तेही पाहिले आहे. तरी सुगीत सावध राहायलाच हवे. जहाजातून एकदम शेकडो माणसे उतरतात, अरुंद गल्लीत खांद्याला खांदा लागतो. दुपारी एकच्या सुमारास बाजार मिटतो तो चार-पाचपर्यंत सुनसान असतो. डिसेंबरात सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. त्यावरचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत: गल्ल्यात रात्री रोकड ठेवू नये, किल्ल्या किती आणि कोणाकडे याची नोंद असावी, नोकरी सोडून गेलेल्या माणसानंतर कुलूप बदलावे, दारावरचा दिवा सूर्यास्ताला आपोआप लागेल असा करावा. सुटीवर भारतात गेल्याचे फोटो परत आल्यावर टाकले तरी लग्न काही मोडत नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. कॅमेरे विकणारे तुम्हाला अधिक सांगतील.

मला बोलायचे आहे ते वेगळेच. चोराच्या धाकाने आपण जी व्यवस्था करतो, ती आगीच्या आणि पाण्याच्या वेळी उलटते. दार जितके पक्के, तितके आतून बाहेर पडणे अवघड. ही साधी गोष्ट आपण दरवर्षी विसरतो, आणि तिची किंमत मालक भरत नाही. आत झोपलेला माणूस भरतो.

पुण्याच्या कोंढव्यात ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे एका बेकरीला आग लागली. पोटमाळ्यावर सहा कामगार झोपले होते, उत्तर प्रदेशातून आलेले तरुण. शटरला बाहेरून कुलूप होते. सहाही गेले. पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर २०१७ ला, मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात पहाटे आग लागली; आत झोपलेले १२ कामगार मेले. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानात ५ जण गेले, तिथेही दार बाहेरून बंद होते. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दिल्लीच्या अनाज मंडीत ४३. या चारांतल्या तीन आगी डिसेंबरातल्या आहेत, त्यावरून मी ऋतूचा सिद्धांत मांडणार नाही. तेवढ्यावर विद्यार्थ्याने मांडला असता तर मी त्याचे गुण कापले असते. पण पहाटेची वेळ, आत झोपलेली माणसे, बाहेर पडायला वाट नाही, हे चित्र मात्र पुन्हा पुन्हा तेच आहे.

आणि ते नवेही नाही. पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी असे. ती राखणारा घाशीराम कोतवाल आपल्याला तेंडुलकरांच्या नाटकामुळे माहीत आहे. १७९१ साली त्याच्या अमलात दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून एका कोंदट जागेत कोंडले. रात्रीतून त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले, आणि खवळलेल्या लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. नाटकात आपण कोतवालाची आणि नानांची गोष्ट पाहतो. मला त्यात खोलीचे दार दिसते. शहर चोरांपासून राखण्यासाठी लावलेले कुलूप, आणि आत कोण आहे याचा विचार न करता निघून गेलेला पहारा.

इथल्या इतिहासातही तोफ आहे. १९७० पूर्वी जुन्या मस्कतच्या तटाचे दरवाजे सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद होत. त्याआधी मिरानी किल्ल्यावरून तोफ होई, आणि मग जो कोणी बाहेर दिसेल त्याच्या हाती पेटता कंदील असलाच पाहिजे, अशी सक्ती होती. मत्रहमध्ये सूर अल् लवातिया ही तटबंदीची वस्ती आजही उभी आहे; तिच्या वेशीतून परक्याने आत जायचे नाही हा दंडक जुना आहे आणि अजूनही बराचसा पाळला जातो. कॉर्निशवरून तुम्ही शेकडो वेळा त्या घरांच्या सुबक सज्ज्यांचे फोटो काढले असतील. या जुन्या व्यवस्थांबद्दल मला हळहळ मुळीच वाटत नाही. रात्री आजारी माणसाला वैद्याकडे नेताना त्या दरवाज्यांचा किती जाच होत असेल! पण एक गोष्ट त्यांच्यात होती. दाराआड वस्ती राहत होती. राखण करणारा आणि ज्याची राखण करायची तो एकाच बाजूला होते. आजच्या दुकानात माल आत, मालक घरी, आणि माल राखायला एक मुलगा आत.

हा मुलगा काल्पनिक नाही. काही वर्षांपूर्वी सूकच्या एका आडगल्लीत खेड तालुक्यातला एक तरुण भेटला. मराठी ऐकून त्याचा चेहरा फुलला. मला 'सर' म्हणू लागला, कारण कोणीतरी माझी ओळख तशी करून दिली. दुकानाचे नाव इथे लिहायचे नाही, त्याचेही नाही. रात्री कुठे राहतोस, असे सहज विचारले, तर म्हणाला, "इथंच की सर. वरती गाठोडी हायत ना, त्यांच्या मागं."

"आणि दार?"

"शेठ बाहेरनं लावतात. आत कोण हाय ते चोराला कळायला नको म्हणून."

"रात्री बाहेर पडायचं झालं तर?"

"फोन हाय की. शेठ येतात. लांब नाय, अर्ध्या तासावर ऱ्हातात."

त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. भाडे वाचते, पैसे घरी जातात, बहिणीचे लग्न आहे. शेठ चांगले आहेत, असेही तो म्हणाला, आणि मला वाटते ते खरे असावे. मी त्या शेठना भेटलो. त्यांनी माझे ऐकून घेतले, खजूर दिले आणि म्हणाले, "सर, तुमची पेन्शन दर महिन्याला येते. माझा माल एका रात्रीत गेला तर मी उभा राहू शकत नाही." महिन्याभराने तो मुलगा तिथे नव्हता. दुसरी नोकरी मिळाली असे शेजारच्याने सांगितले. त्याच्या जागी दुसरा होता.

शेठचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. छोट्या व्यापाऱ्याचा नफा पातळ असतो, कामगारासाठी वेगळी खोली परवडत नाही, आणि चोरी झाली तर रडायला कोणी येत नाही. पण याच मुद्द्याला दोन पावले पुढे नेऊ. आत माणूस ठेवला की चोर येत नाही म्हणतात. समजा आलाच, तर रिकाम्या हाताच्या बावीस वर्षांच्या मुलाने नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे? मालाचा विमा उतरवता येतो. त्यात चोरीबरोबर आग आणि पूर येतो की नाही हे मात्र कलम वाचून पाहा, कारण पुष्कळांनी ते वाचलेले नसते. बाहेरून लावलेल्या कुलपात अर्ध्या तासाचे अंतर असते. धुराने भरलेल्या खोलीत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. हे अर्ध्या तासाचे आणि काही मिनिटांचे गणित कोणत्याही पेन्शनने बदलत नाही.

मत्रहला आगीची भीती कशाला, असे कोणी म्हणेल. हिवाळ्यात एसी बंद, विजेचा भार कमी. खरे आहे. पण सूकच्या गल्ल्या अरुंद आहेत, वर छप्पर आहे, दुकानाला दुकान चिकटलेले आहे. या बाजाराच्या एका भागाला अंधाराचा बाजार असे जुने नाव आहे ते उगाच नाही. भर दिवसा तिथे दिवा लागत असे. आता दिव्यांची कमतरता नाही, उलट एकाच एक्स्टेंशन बोर्डावर शोभेच्या माळा, मोबाइल, भात शिजवायचे भांडे आणि पाणी तापवायची कॉइल अशी सगळी मंडळी नांदत असतात. शिवाय लोबान. गिऱ्हाईक ओढायला दिवसभर मजमरात कोळसा फुललेला असतो. दुकान बंद करताना वरची राख पांढरी दिसते म्हणून विझला असे समजून मजमर कोपऱ्यात सरकवतात. राखेखालचा निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, हे चुलीवर वाढलेल्या आपल्या आयांना शिकवावे लागत नव्हते. आणि बंद शटरच्या आत धुमसणारा कोळसा आग न लावताही जीव घेऊ शकतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. निखारे वाळूत किंवा पाण्यात घालून, हाताला गार लागेपर्यंत थांबून मगच दिवा मालवायचा. दहा मिनिटांचे काम आहे.

पाण्याचे तर त्याहून वाईट. आग निदान दिसते. वादी येते तेव्हा वर कदाचित पाऊस थांबलेलाही असतो, आकाश मोकळे होऊ लागलेले असते, आणि डोंगरात पडलेले पाणी अर्ध्या तासाने खाली पोचते. नेमके त्याच वेळी भारतात लग्नाला गेलेल्या मालकाचा फोन येतो. "अरे, जरा दुकानाकडे जाऊन बघ ना. पाणी शिरलंय का?" फोन करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याला फोन येतो त्याला नाही म्हणता येत नाही. त्याचा व्हिसा, पगार, परतीचे तिकीट त्या आवाजाशी बांधलेले असते. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि निघतो. एप्रिल २०२४ मध्ये समद अल् शानला शाळेच्या मुलांना घेऊन जाणारे वाहन वादीने नेले, त्या दिवसाची आठवण अजून कोणाला नकोशी वाटते. वाहनाचे जे झाले ते पायी माणसाचे व्हायला कितीसे पाणी लागते? गुडघाभर पाणी वेगाने आले तर उभा माणूस पडतो. वाहत्या वादीत गाडी घालणे हा इथल्या कायद्याने गुन्हा आहे, तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. नोकराला फोनवरून त्या पाण्यात पाठवणाऱ्याला काय म्हणायचे, ते मी तुमच्यावर सोपवतो.

म्हणून माझे मत असे की मत्रहमध्ये हिवाळ्यातली राखण ही रात्रीची आणि पावसातली गोष्ट असूच नये. ती दिवसाउजेडी, कोरड्या जमिनीवर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरी व्हायला हवी. दाराच्या खोबणीतल्या फळ्या काढून, बसवून, पुन्हा काढून पाहायच्या. लाकूड वर्षभरात वाकलेले असते. खालच्या दोन फळ्यांवरचा, म्हणजे कमरेखालचा माल वर न्यायचा आणि वर नेण्यासारखा नसेल तर निदान न भिजणारा माल खाली ठेवायचा. चांदी भिजली तर पुसता येते, पश्मिना नाही. हिशेबाची कागदपत्रे, पासपोर्टांच्या प्रती, करार पत्र्याच्या पेटीत आणि उंचावर. विजेचे बोर्ड जमिनीपासून वितीवर असतील तर वर घ्यायचे. मुख्य बटण कुठे आहे हे एकट्या मालकाला नव्हे, सगळ्यांना माहीत हवे. हवामान खात्याचा इशारा आला की दुपारीच आवराआवर करायची आणि सगळ्यांनी घरी जायचे. त्या दिवशीची चार गिऱ्हाइके गेली तर जाऊ द्यावीत. पावसात जहाजावरचे लोकही खाली उतरत नाहीत.

आणि पाऊस सुरू झाल्यावर दुकानाकडे कोणीही जायचे नाही. ही आज्ञा मालकाने आधीच द्यायला हवी, तोंडी नव्हे, लेखी. लिहिलेले असले की पावसात फोन आला तरी मुलगा म्हणू शकतो, शेठ, तुम्हीच लिहिलंय. आपला अंक मराठी-इंग्रजी असा दोन भाषांत निघतो आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण रात्री आपल्या गोदामात असणारी मंडळी बंगाली, मल्याळम, हिंदी, उर्दू वाचतात, आणि भिंतीवरची सूचना मात्र इंग्रजीत असते. कधी कधी अरबी आणि इंग्रजी, म्हणजे दोन्ही त्यांना न कळणाऱ्या. ९९९९ हा आणीबाणीचा आकडा तरी सर्वांना वाचता येतो. तो दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. बाहेरच्या बाजूला लावलेला आकडा आत अडकलेल्याला दिसत नाही, हे सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते, पण मी तसा लावलेला पाहिला आहे.

झोपण्याबद्दल मी तडजोड सुचवणार नाही. दुकानात, गोदामात, पोटमाळ्यावर कोणी झोपू नये. तीनचार दुकानदारांनी मिळून जवळ एक खोली घेतली तर प्रत्येकी भाडे फार येत नाही, आणि चार दुकानांची माणसे एकत्र राहिली की एकमेकांवर लक्षही राहते. ज्यांना राखण हवीच आहे त्यांनी सहा दुकानांमिळून एक पहारेकरी ठेवावा; तो बाहेर असावा, जागा असावा, त्याच्या हाती दिवा आणि फोन असावा. जुन्या मस्कतच्या कंदीलवाल्यासारखा. पहारेकऱ्याचे काम ओरडण्याचे आहे, झुंजण्याचे नाही, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

तरीही उशिरापर्यंत माल लावणारे, सुगीत हिशेब करत बसणारे, दुपारच्या बंद वेळात गाठोड्यावर डुलकी काढणारे असणारच. त्यांच्यासाठी शटर आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे. वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी कामाचे कारागीर आहेत. आतल्या बाजूने ओढायची कडी बसवणे हे त्यांना नवीन नाही, आणि दुपारी बाजार मिटलेला असतो तेवढ्या वेळात होण्यासारखे आहे. ते झाले की एक करून पाहा. तुम्ही स्वतः आत उभे राहा, दिवे बंद करा, बाहेरून कोणाला तरी शटर ओढून कुलूप लावायला सांगा. आणि मग, कोणालाही फोन न करता, बाहेर येऊन दाखवा.